‘सांता लुचिया’च्या बुडापर्यंत

२ मार्च

आजपासून रोजनिशी. कारण मोठ्या घटना जवळ येत आहेत, आणि त्यांच्या मध्यभागी मी असणार.

आपली ‘सांता लुचिया’ फेरीबोट मे महिन्यात बुडवणार. अपघातानं नाही, मुद्दाम. तेल, काचा, वायरी, खुर्च्या सगळं काढून, धुऊनपुसून, माल्टाशेजारच्या आमच्या गोझो बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवायची. मग तिच्यावर शेवाळ धरेल, शिंपले बसतील, मासे बिऱ्हाड करतील, आणि ते मासे बघायला जगभरातून पाणबुडे येतील. असं सरकार म्हणतं.

या फेरीबोटीवर मी तीस वर्षं काढली. गोझो ते माल्टा, माल्टा ते गोझो. हुद्दा: कँटीन. पण हुद्दा ही कागदावरची गोष्ट. कप्तान साल्वू वर बसून चाक फिरवायचे, एवढंच. वारा सुटला की प्रवाशांना धीर कोण द्यायचं? गरम पास्तिझी, चीज भरलेले पफ, कोण द्यायचं? उलटीच्या पिशव्या कोण द्यायचं? बोट खऱ्या अर्थानं कोण चालवत होतं, हे समजणाऱ्याला समजतं.

संकल्प: ती तळाला टेकली की तिच्यावर उतरणारा पहिला गोझितान, म्हणजे गोझोकर, मी. चाकाशी उभं राहून फोटो काढायचा. वय एकसष्ट, तब्येत ठणठणीत. पोट आहे, पण पाण्यात वजन जाणवत नाही असं वाचलंय.

जॉर्जाला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “विस्टिन, तुला पोहता येतं?” एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोनं हा प्रश्न आज विचारावा! म्हणालो, बेटावर जन्मलेल्या माणसाला असलं काही विचारत नाहीत. म्हणाली, “मी विचारलं ते हो की नाही असं होतं.”

५ मार्च

गावच्या बँड क्लबात जाहीर करून टाकलं. एकदा चारचौघांत बोललं की माघार नाही, अशी माझी पद्धत.

कप्तान साल्वू पत्ते पिसत होते. वय ऐंशीच्या घरात, पण अजून सगळे त्यांना कप्तानच म्हणतात. (मला कोणी काही म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, ‘विस्टिन कॉफीवाला’. पण ते प्रेमानं.) कप्तान म्हणाले, “बाळा, ती पाण्यावर होती तेव्हा तुला दर फेरीला मळमळायचं. आता कुठे ती एका जागी शांत पडणार, तर तिला सुखानं पडू दे की.”

सगळे हसले. मीही हसलो. मळमळायचं ते हवामानामुळे. हे तिथे सांगायला सुचलं नाही.

१० मार्च

मारविकबद्दल लिहायचं राहिलं. माझी एकुलती एक मुलगी. व्यवसायानं लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवते. श्लेंदीच्या खाडीत दुसऱ्यांच्या शाळेत नोकरी करते, आणि हिवाळ्यात पर्यटक आटले की घरी बसते. आता तिला इजिप्तहून बोलावणं आलंय, तांबड्या समुद्रावर. तिथे म्हणे बारा महिने काम.

ती जाणार नाही. ती तसं म्हणालेली नाही. पण बापाला कळतं.

कारण माझ्याकडे योजना आहे. मी शिकलो की आम्ही दोघं स्वतःची शाळा काढू. ती पाण्यात बघेल, मी एकंदर सगळं बघेन. मग इजिप्तला जायचं काय काम? तिला अजून सांगितलेलं नाही. तयार झाल्यावर एकदम समोर ठेवायचं.

प्रश्न एकच: शिकायचं कोणाकडे? मुलीकडे नाही. तिला सायकल मी शिकवली. आता तिनं मला ‘श्वास घे, श्वास सोड’ सांगायचं? तेव्हा मार्सालफोर्नला नुन्झिओ नावाचा एक सिसिलीचा तरुण शिकवतो, त्याच्याकडे जाणार. बेटाच्या दुसऱ्या टोकाला. गुप्तपणे.

१९ मार्च

सुट्टी. सुताराकडे जाऊन पाटी सांगून आलो. ‘रेफालो आणि कन्या’. रेफालो म्हणजे मी. निळ्यावर पांढरी अक्षरं. सुतारानं विचारलं, काय विकणार? म्हणालो, कळेलच.

८ एप्रिल

डॉक्टरकडे. पाण्याखाली जायला त्यांची सही लागते. रक्तदाब मोजला, मग पुन्हा मोजला, मग मशीन बदलून मोजला. गोळी वाढवली आणि महिनाभर चीज बंद. सही दिली. सही देताना उसासा टाकला, पण तो त्यांच्या घरगुती अडचणींमुळे असावा.

१४ एप्रिल

पहिला धडा. थोडक्यात लिहितो.

रबरी सूट. माझ्या मापाचा नव्हता. नुन्झिओ म्हणाला, मापाचाच आहे, असाच घट्ट असतो. तो पुढून ओढत होता आणि दुकानातली बाई मागून ढकलत होती. शेवटी मी आत गेलो. श्वास बाहेर राहिला.

पाणी बर्फासारखं. कमरेपर्यंत उभं राहून नुसतं तोंड पाण्यात घालायचं होतं. मुद्दाम सांगतो, अडचण पाण्याची नव्हती, मिशीची होती. मिशी दाट असल्यामुळे मास्कच्या खालून पाणी आत येतं. नाकापर्यंत चढतं. मग माणूस उठून उभा राहतो. कोणीही राहील.

नुन्झिओ नम्र आहे. म्हणाला, “सिन्योर विस्टिन, मिशी काढली तर...” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. ही मिशी माझ्या लग्नाच्या फोटोत आहे.

२१ एप्रिल

दुसरा धडा. खाली बसलो! गुडघ्यांवर, वाळूत, डोक्यावर दोन हात पाणी. नळीतून हवा येते! एवढा आनंद झाला की नुन्झिओला अंगठा दाखवला: उत्तम! त्यानं लगेच मला दंडाला धरून वर आणलं. विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही, मस्त चाललं होतं. पुन्हा खाली. पुन्हा अंगठा. पुन्हा वर.

पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘मला वर न्या’. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी सूटमध्ये शिरत होतो. ऐकू येण्याच्या स्थितीत नव्हतो.

२३ एप्रिल

मारविक जेवायला आली. ससा केला होता. पाव बुडवता बुडवता सहज म्हणाली, “पप्पा, मिशीला व्हॅसलिन लाव. थोडा फरक पडेल.”

मी जॉर्जाकडे पाहिलं. जॉर्जा सशाकडे बघत होती.

चौकशी केली. नुन्झिओच्या फॉर्मवर ‘अडचणीत कोणाला कळवायचं’ असा रकाना होता. मी मारविकचा नंबर दिला होता. पाण्यातलं तिलाच जास्त कळतं म्हणून. नुन्झिओनं पहिल्या दिवशीच तिला कळवलं. त्याला ती अडचण वाटली.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, “तू गुपित ठेवलं होतंस ना. मोडायचं कशाला?” आणि हसली. पण डोळ्यांनी हसली नाही. तिच्याकडे न जाता दुसरीकडे गेलो, हे लागलं असेल का? छे. मोठी झालीये ती आता.

१७ मे

आज बुडवली.

सकाळपासून कड्यावर ही गर्दी. मंत्री, बिशपकडचे पाद्री, बँड. पाहुण्यांसाठी मंडप होता. मी मंडपाकडे गेलो. दारातल्या मुलीनं यादीत बघितलं, नाव नव्हतं. मी म्हणालो, तीस वर्षं बोटीवर होतो. म्हणाली, “काका, मग तुम्ही तर तिला जवळून पाहिलंय. इथून लांबच दिसणार.” पोरगी हुशार आहे.

मी कप्तानांशेजारी दगडावर बसलो. त्यांना मंडपात खुर्ची होती, पण ते बाहेरच आले होते. गणवेशाची टोपी घातली होती, शर्ट साधाच.

‘सांता लुचिया’ समोर पाण्यात उभी होती. खिडक्या काढल्यामुळे डोळे नसल्यासारखी. भोंगा झाला, कुठलीशी झडप उघडली, ती हळूहळू मागून बसायला लागली. शहाण्यासारखी, सरळ. लोक टाळ्या वाजवत होते. मी शेजारच्या इंग्रज जोडप्याला समजावून सांगत होतो की अशीच बसेल, चाकाची खोली सगळ्यात वर राहील, तिथे जाणं अगदी सोपं.

एवढ्यात ती कलली. थांबली. आणखी कलली. आणि मग सगळ्यांच्या देखत कूस बदलावी तशी वळली, तिचं लाल बूड क्षणभर उन्हात चमकलं, आणि गेली. उलटी. डोकं खाली, पाय वर.

बँडनं मध्येच वाजवणं थांबवलं. एक क्लॅरिनेट तेवढं पुढे वाजत राहिलं. त्याला दिसलं नसावं.

इंग्रज बाईनं विचारलं, हे असंच ठरलं होतं का?

मी कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. म्हणाले, “माझ्या हातात होती तेव्हा कधी एवढी कलली नाही रे.” मी त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

१८ मे

परिस्थितीचा शांतपणे आढावा.

चाकाची खोली चिखलात. कँटीन तिच्या वर, पण उलटं. छत खाली, जमीन वर. सगळ्यात वर काय, तर बूड. पाण्याखाली बारा मीटरवर. आणि शिकाऊ माणसाला बारा मीटरच्या खाली जायची परवानगी नाही.

म्हणजे तीस वर्षं जिच्या पोटात राहिलो, तिचं बूड तेवढं बघायला मिळणार. पण हरकत नाही. तोच एक भाग बघायचा राहिला होता.

२६ मे

बातमी: मारविक आणि तिच्या शाळेतले चौघं ‘सांता लुचिया’वर जाऊन आले. म्हणजे पहिला गोझितान मी नाही. हे अपेक्षितच होतं, ते धंद्यातले लोक. सुधारित संकल्प: बोटीवर नोकरी केलेला पहिला माणूस.

२ जून

बोटीच्या इंजिनरूममध्ये काम करायचा, तो बोनिफाच नावाचा माणूस जाऊन आला. गुडघे बदललेत त्याचे. नवे गुडघे घेऊन गेला. जर्मनीच्या निवृत्त शिक्षिकांची एक सहलही जाऊन आली.

सुधारित संकल्प: रेफालो घराण्यातला पहिला पुरुष.

६ जून

नुन्झिओनं मला कॉफी पाजली. कॉफी पाजली तेव्हाच ओळखायला हवं होतं.

म्हणाला, “सिन्योर, तुम्ही माझे सगळ्यात आवडते विद्यार्थी आहात.” पुढे म्हणाला की मास्कमध्ये पाणी भरून ते नाकानं बाहेर काढायचं, हे मला अकरा खेपा जमलेलं नाही. मी पाण्याखाली असताना त्याला आपल्या आईची आठवण येते. आणि मी मारविककडे जावं. “तिच्याइतकी शांत शिकवणारी मी सिसिलीतसुद्धा पाहिली नाही. आम्ही सगळे अवघड लोक तिच्याकडेच पाठवतो.”

अवघड लोक! मी कॉफी अर्धी टाकून उठलो. मग परत जाऊन संपवली.

७ जून

पाटी आली. फार सुंदर. जेवायच्या टेबलावर उभी करून ठेवली आणि मारविकला बोलावलं. सगळी योजना सांगितली. शाळा, पाटी, ती पाण्यात, मी एकंदर.

ती पाटीकडे बघत राहिली. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “पप्पा, मी इजिप्तला हो म्हटलंय. सप्टेंबरात जाणार. एप्रिलमध्येच कळवलं त्यांना.”

मी म्हणालो, पण पाटी!

म्हणाली, “तू मला एकदा तरी विचारायचं होतंस.”

जॉर्जानं ताटं आणली. कोणी फार जेवलं नाही. जाताना दारात थांबून मारविक म्हणाली, “सोमवारी सकाळी श्लेंदीला ये. नुन्झिओ बोललाय माझ्याशी. मी शिकवीन. दोन अटी. एक, मी सांगेन ते ऐकायचं. दोन, मिशी.”

म्हणालो, विचार करून सांगतो.

९ जून

विचार केला. मिशी काढली. जॉर्जा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “तुझा वरचा ओठ असा आहे होय.” चांगला की वाईट, ते कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

१५ जून

धडे चालू. मारविक ओरडत नाही. नुन्झिओ ओरडायचा नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ओरडणं दिसायचं. हिच्या चेहऱ्यावरही दिसत नाही. मी पाण्यातून उसळून वर आलो की ती पण वर येते, मी खोकून घेईपर्यंत थांबते, आणि म्हणते, “छान. आता परत.” यात छान काय होतं ते ती सांगत नाही.

आज मास्कमधलं पाणी नाकानं बाहेर काढलं. पहिल्यांदा. वर येऊन तिला मिठी मारली. म्हणाली, “हळू पप्पा, पाठीवर सिलिंडर आहे.”

जॉर्जानं पाटी सशांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाकली. मला न विचारता. अक्षरं आतल्या बाजूला आहेत.

२४ जून

गेलो.

सकाळ, वारा नाही. बोटीत मारविक, मी आणि तिच्या शाळेतला एक कॅमेरेवाला. मी रात्रीपासून पाठ करून ठेवलं होतं: ‘सांता लुचिया’ला हात लावीन, मनात जुन्या फेऱ्या आठवीन, कप्तानांच्या नावानं एक सलाम करीन.

पाण्यात उडी. तरंगणाऱ्या पिंपापासून एक दोर सरळ खाली ‘सांता लुचिया’पर्यंत बांधलाय. तो धरून उतरायचं. मी दोर धरला. दुसऱ्या हातानं मारविकचा दंड धरला. मग दोर सोडून दोन्ही हातांनी दंड धरला. डोळे मिटले होते. का मिटले ते माहीत नाही. मिटले.

कान दुखले. ती थांबली. स्वतःचं नाक बोटांनी दाबून फुंकून दाखवलं, मी तसं केलं. कान उघडले. आणखी खाली. पुन्हा कान. पुन्हा थांबली. किती वेळा थांबली कोण जाणे. एकदाही ओढलं नाही.

मग माझ्या मास्कच्या काचेवर टकटक झाली. डोळे उघडले.

समोर भिंत. लाल, प्रचंड, दोन्हीकडे निळ्यात विरून गेलेली. त्यावर हिरवट लव धरायला लागली होती आणि चिमुकले काळे मासे तिला टोचे मारत होते. मारविकनं माझा एक हात सोडवला आणि त्या पत्र्यावर ठेवला.

आता जुन्या फेऱ्या आठवायला हव्या होत्या. एकही आठवली नाही. सलाम तर राहिलाच. एवढंच मनात येत होतं की हवा येतेय, अजून येतेय, अजून येतेय. आणि समोर मारविक. मी असा बोक्यासारखा तिला चिकटलेलो, आणि ती मात्र स्वयंपाकघरात उभी असावी तशी. घाई नाही, धावपळ नाही. एक नजर माझ्या हवेच्या काट्यावर, एक माझ्या डोळ्यांवर. तळहात खाली करून सांगत होती: सावकाश, सावकाश.

मी तिला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. इतक्या वर्षांत श्लेंदीला गेलो ते तिला जेवायला हाक मारायला.

माझी हवा संपत आली. तिची निम्मीही झाली नव्हती. वर आलो.

बोटीत चढलो, म्हणजे चढवलो. बराच वेळ तसाच पडून राहिलो. मग म्हणालो, “इजिप्तला जा.”

म्हणाली, “पप्पा, मी परवानगी मागितली नव्हती.”

म्हणालो, “माहितीये. तरी देतोय.”

ती हसली. या वेळी डोळ्यांनी पण. टॉवेलनं माझं डोकं खसाखसा पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. मी पुसू दिलं.

२९ जून

गावचा उत्सव. फटाके, बँड, ससा, वाइन. क्लबात सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं असेल. पाच-सहा मोठे मासे आणि एक ऑक्टोपस सांगितला. कप्तान ऐकत होते. मध्येच म्हणाले, “आणि डोळे उघडे होते ना?” का विचारलं असेल?

आमचा पाण्याखालचा फोटो क्लबच्या पत्रकात छापायला दिलाय असं कॅमेरेवाल्याकडून कळलं. जॉर्जाला म्हणालो, दहा-बारा प्रती घेऊन ठेव. नातेवाइकांना लागतील. मेलबर्नच्या भावाला दोन.

संकल्प: पत्रक आलं की फ्रेम करायची.

८ जुलै

पत्रक आलं. फोटो पहिल्या पानावर, चांगला मोठा, रंगीत.

मारविक सुरेख आलीये. तिच्या दंडाला दोन्ही हातांनी एक गोल माणूस लटकलाय. डोळे गच्च मिटलेले, गाल फुगलेले, पाय बेडकासारखे. खाली मजकूर: ‘आपल्या गावची कन्या मारविक रेफालो, बुडालेल्या सांता लुचियावर एका घाबरलेल्या पर्यटकाला धीर देताना.’

सकाळी मारविकचा फोन आला. हसू दाबत होती. म्हणाली, “त्यांना सांगू का, पुढच्या अंकात दुरुस्ती करा म्हणून?” म्हणालो, सांगतो तुला. पत्रक घेऊन क्लबात गेलो. अंदाज घ्यावा म्हणून.

कप्तान एकटेच बसले होते. पत्रक त्यांच्यासमोर उघडंच होतं. चष्मा वर करून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणाले, “हा पर्यटक कुठला असेल रे, विस्टिन?”

मी म्हणालो, “जर्मन वाटतो.”

म्हणाले, “हं. जर्मनच.” मग थोड्या वेळानं: “काय घाबरलाय बिचारा. पण उतरला खरा.”

मी म्हणालो, “जर्मन लोक उतरतात.”